मृगाआधी एकवीस दिवस

बाबूलाल मिस्त्रीने थापी पुसली, ओळंब्याची दोरी गुंडाळली, दोन्ही पिशवीत टाकून पिशवीचं तोंड सुतळीने आवळलं आणि तो उभा राहिला.

"जाऊन राहिलो मालक," तो घनश्यामला म्हणाला. "नऊ दिवस झाले. नऊ दिवसांत मी एक गोटा नाई ठेवला. बसून खाची अशी सवय लागली तर बायको घरात घेनार नाई मले."

"बस ना गा बाबूलाल. सिमेंटचं परमिट आज-उद्या येतेच."

"आज-उद्या तर पहिल्या दिवसापासून येऊन राहिलं."

खोदणारी बारा माणसं फावड्यांवर रेलून ऐकत होती. त्यांतलं कोणीतरी खुदकन हसलं. घनश्यामने मान वळवून पाहिलं, पण कोण हसलं ते कळलं नाही. एकाला रागवावं तर बाकी अकरा उठून जातील, अशी वेळ होती.

खैरटोल्याची ही बोडी घनश्यामच्या आज्याने बांधलेली. बोडी म्हणायची एवढंच, नाहीतर तिचा पसारा लहानशा तलावाचा. तिच्या पाण्यावर दोन घरांची साठ एकर धानाची शेती: एक घर घनश्यामचे वडील श्यामराव यांच्या पोरांचं, दुसरं त्यांचा पुतण्या खुशालचं. मागच्या कार्तिकात पारीच्या, म्हणजे बोडीच्या बांधाच्या, पोटातलं तुडूम ढासळलं. तुडूम म्हणजे पायऱ्या-पायऱ्यांचा दगडी मार्ग. एकेका पायरीचा लाकडी दट्ट्या काढला की तेवढंच पाणी खाली पाटात उतरतं. ते बसलं आणि बोडी रिकामी झाली. त्याआधीही तीन वर्षं ते झिरपतच होतं, आणि शेवटच्या सोळा एकरांना पाणी पोचत नव्हतं.

नवं तुडूम बांधायचं म्हणून घनश्यामने पार मधोमध कापून ठेवली होती. आता माघार नव्हती. मृगाचं पाणी आलं आणि पार अशीच उघडी राहिली, तर तुडूम राहू द्या, सगळी पारच वाहून गेली असती.

हे सगळं काम पूर्वी श्यामराव करत. करत म्हणजे सकाळी पारीवर उभे राहून बोट दाखवत, आणि ज्याच्याकडे बोट जाई तो उठे. आज त्याच्याचकडे का आणि काल दुसऱ्याकडे का, हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. दोन वर्षांपूर्वी ते गेले. मागे बोट दाखवायची सवय तेवढी राहिली. घनश्यामने पहिल्याच दिवशी बारा खोदणारे, सहा बैलबंड्या दगड आणि भंडाऱ्याहून मिस्त्री, असं सगळं एकदम बोलावलं होतं. दगड नेमका खोदायच्या जागेवर पडला. तो उचलता उचलता तीन दिवस गेले, तरी निम्मा तिथेच राहिला. तोवर बंड्या लग्नांच्या वऱ्हाडाला लागल्या.

कुंताबाई डोक्यावरून जेवणाची टोपली घेऊन पारीवर आली ती या वेळी. घनश्यामची बायको, पन्नाशीला टेकलेली, शाळेत दोन वर्षं गेलेली. तिने टोपली उतरवली, मिस्त्रीच्या हातातली पिशवी पाहिली आणि नवऱ्याकडे न पाहता विचारलं,

"मिस्त्री, तुमाले काम सुरू कराले काय काय पायजे?"

बाबूलाल थांबला. "मले?"

"तुमालेच पुसून राहिलो."

तो डोकं खाजवत टेकला. "साफ खड्डा पायजे बाई, तळाचा पक्का मुरूम लागेपर्यंत. गोटे माह्या उजव्या हाताले पायजे, खड्ड्यात नाई. पाणी द्याले एक मानूस. अन् चुना."

"सिमेंट नाई?"

"सिमेंट कोणाले पायजे? पाण्यातल्या कामाले चुना. तुमच्या आजसासऱ्याचं तुडूम चुन्यातलंच होतं. सत्तर वर्सं टिकलं."

घनश्याम पुढे आला. "मंग नऊ दिवस बोलला काहून नाई?"

"मले कोणी पुसलंच नाई मालक. तुमी मने सिमेंट येऊन राहिलं, मी मनलं येऊ द्या."

कुंताबाईने भाताचं झाकण काढलं. "चुना विझून, मुरून तयार व्हाले किती दिवस?"

"पाच. अन् एक दिवस बैलाच्या घाणीत दळाले."

"म्हणजे खोदनं चालू असतानाच चुना भिजत पडला पायजे."

"हाव."

"जेवून घ्या," कुंताबाई म्हणाली. "गेलेच तर जेवून जा."

बाबूलालने पिशवी खाली ठेवली. सुतळी मात्र सोडली नाही.

*

ताराचंद सायंकाळच्या बसने आला. धाकटा भाऊ, जवाहरनगरच्या फॅक्टरीत स्टोअरकीपर, क्वार्टरमध्ये राहणारा. भावाच्या चिठ्ठीवरून त्याने तीन आठवड्यांची रजा टाकली होती आणि बसमध्येच एक यादी केली होती. त्याच्या आधी दुपारीच बपेऱ्याहून शकुनबाई आली होती. ती दोघा भावांच्या मधली बहीण. ती आली होती चार दिवसांच्या माहेरपणाला, आणि आल्यापासून तिने भावाच्या नऊ दिवसांची सगळी हकिगत तीन शेजारणींकडून वेगवेगळी ऐकली होती.

अंगणात बाजा टाकल्या होत्या. दिवस अजून पुरता मावळला नव्हता.

"आमच्या फॅक्टरीत," ताराचंदने कागद उलगडला, "कोणत्याही कामाची आधी यादी होते. मी एकतीस कामं काढले."

"एकतीस!" शकुनबाई म्हणाली. "दादाले एक झेपलं नाई, तू एकतीस घेऊन आला."

"शकुन, तू गप राह्य," घनश्याम म्हणाला.

"राह्यतो ना. मी तर पाहुनी."

ताराचंद वाचू लागला. दगड हटविणे. मुरूम आणणे. दट्ट्यांसाठी बीजाच्या झाडाचं लाकूड. चिकण माती. माती ठोकायला धुम्मस चार नग. घनश्याम प्रत्येकाला 'हाव, हे तर मी सांगतलंच होतं' म्हणत होता. दोघा भावांचं जमलं होतं. यादी झाली की काम झाल्यासारखं दोघांनाही वाटतं, हे शकुनबाईच्या लक्षात आलं आणि ती उठून वहिनीकडे गेली.

कुंताबाई गोठ्याच्या भिंतीशी वाटीतला कालवलेला चुना घेऊन उभी होती. बोटाने ती भिंतीवर उभ्या रेघा ओढत होती. एकवीस ओढून ती थांबली.

"हे काय वो वहिनी?"

"मृगाले इतके दिवस हायेत."

ताराचंद कागद घेऊन तिथे आला. "मंग पहिल्या रेघेवर लिहा, दगड हटवणे."

"नाई भाऊजी. मी शेवटून येतो." तिने एकविसाव्या रेघेवर बोट ठेवलं. "बारा वाजता पंगत बसाची असन, तर मी सकाळी चूल पेटवून काय करू असं नाई पाहत. बारापासून मागं येतो. भात कधी उतरला पायजे, त्याच्या आधी दाळ कधी शिजली पायजे, त्याच्या आधी कधी भिजली पायजे. ज्याले वेळ लागते ते आधी चुलीवर."

मागे येत येत ती बोलत गेली. पारीत चिकण माती भरून ठोकायला चार दिवस. त्याच्या आधी तुडुमाची भिंत ओली ठेवायला सहा. त्याच्या आधी मिस्त्रीचे चार. त्याच्या आधी चुना मुरायला आणि दळायला सहा, त्याच सहांत खोदणं आणि गोटे बाजूला करणं. तिचं बोट भिंतीच्या डाव्या टोकाशी आलं.

"वीस," ताराचंद म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. फॅक्टरीत साहेबाच्या खोलीत एक मोठा फळा होता. त्यावरच्या चौकटी त्याने सात वर्षं पाहिल्या होत्या आणि त्या भरायच्या कशा हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. "वीस झाले वहिनी. एक उरला. त्याच्यात मुरूम टाकून घेऊ."

"तो रिकामा राहू द्या."

"दिवस वाया कायले घालवाचा?"

"पंगतीत पन्नास जेवनार असन तर मी पंचावन्नाचा भात टाकतो. पाच जनं कोण, ते मले माहीत नसते. पन येतेच."

मग तिने ताराचंदला त्याच्याच यादीतलं एकेक काम पुन्हा वाचायला लावलं आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारला, "कोण?"

"चुना आननं."

"कोण?"

"मी आनतो. कारध्याच्या भट्टीवर माहा वळखीचा हाये."

"पाणी मारनं, सहा दिवस, दिवसातून तीन खेपा."

"ते सगळे मिळून..." घनश्याम बाजेवरून म्हणाला.

"सगळे म्हणजे कोणी नाई," कुंताबाई म्हणाली. "एक नाव सांगा."

"माहं टाक," शकुनबाई म्हणाली. "बपेऱ्यात म्हशी चार दिवस जास्त उपाशी नाई मरत."

घनश्याम ताडकन उठला. "हे काय चालू हाये माह्या अंगनात? बाबाच्या काळात कोणी असं नाव-नाव केलं का? मी मोठा हावो का नाई या घरात?"

कुंताबाईने चुन्याची वाटी खाली ठेवली आणि पदराला बोटं पुसली. मग ती फार हळू म्हणाली, "बाबाच्या तेरवीले खुशालभाऊजीले बलावनं कोणाकडे होतं?"

ताराचंदच्या हातातला कागद खाली आला.

खुशालचं घर वीस पावलांवर होतं. तेरवीच्या दिवशी सगळा गाव आला, पाहुणे आले, घनश्यामच्या डोक्याला कर्तेपणाची पगडी बांधली गेली, आणि ज्या पुतण्याला श्यामरावांनी स्वतःच्या मांडीवर वाढवलं तो आला नाही. त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. घनश्यामला वाटे, पगडीचा त्याला राग आला. ताराचंदलाही तेच वाटे.

"तुह्याकडे होतं ना," घनश्याम ताराचंदला म्हणाला. "पाहुन्यायचं सगळं तू पाहत होता."

"मी बाहेरगावचे पाहत होतो दादा. भावकी तुह्याकडे. मले वाटलं तू गेला असशीन."

"मले वाटलं तू."

शकुनबाईने पदर तोंडाशी नेला. तिला हसू येत होतं की रडू, तिचं तिलाच कळलं नाही.

"म्हणजे कोणी गेलंच नाई," ती म्हणाली. "अन् दोन वर्सं आपन मनून राहिलो, तो आला नाई."

घनश्याम खाली बसला. तो म्हणाला, "चालव मंग तूच. पाहू कसं चालवतेस." रागाने म्हणाला, पण म्हणाला.

"दादानं सांगतलं!" शकुनबाईने लगेच पकडलं. "सगळ्यायनं आयकलं. तारा, लिही कागदावर."

ताराचंदने खरोखरच लिहिलं. मग यादीच्या तळाशी उरलेलं शेवटचं काम वाचलं, "चिकण माती, दहा बंड्या." सगळ्यांना माहीत होतं, तशी माती पंचक्रोशीत एकाच धानाच्या शेतात, एकाच बांधीत होती. खुशालच्या.

"कोण?" ताराचंदनेच विचारलं.

कुंताबाई नवऱ्याकडे पाहत म्हणाली, "यायचं नाव लिहा."

*

बाबूलालने दुसऱ्या दिवशी सुतळी सोडली. चुना आला, विझला, वाफ आकाशात गेली. बारा माणसांना एकदम खोदायला लावण्याऐवजी कुंताबाईने सहा खड्ड्यात ठेवले आणि सहा दगडांवर. रोज सकाळी ती पारीवर येऊन तीनच गोष्टी विचारी: काल काय झालं, आज काय होईल, कुठे अडलं. अडलं ते पहिल्यांदा सोडवी. कोणावर ओरडत नसे. संध्याकाळी घरी जाऊन भिंतीवरच्या एका रेघेवर गेरूची आडवी रेघ मारी.

पाचव्या दिवशी चुन्याच्या घाणीचा बैल लंगडला. खोदणाऱ्यांतल्या जागेश्वरने तो अडसर सकाळी सांगितला म्हणून दुपारपर्यंत दुसरा बैल उभा राहिला. "आधी मी सांगतलंच नसतं," जागेश्वर जेवताना म्हणाला. "मालक मनले असते, तूनंच मारला असन." माणसं हसली. घनश्यामही जवळच बसला होता. तो हसला नाही, पण उठूनही गेला नाही.

बायकोचा हुकूम घ्यायचा नाही, असं त्याने ठरवलं होतं. कुंताबाईने त्याला हुकूम दिलाच नव्हता. बाकी सगळ्यांना ती रोज विचारी. त्याला विचारत नसे. भिंतीवर चिकण मातीच्या जागी ताराचंदने खडूने 'दादा' लिहिलं होतं. रेघांवर गेरू चढत चढत त्या शब्दाकडे येत होता. येता-जाता त्याची नजर तिथे जाई आणि तो चालण्याची दिशा बदलत असे.

दहाव्या दिवशी मिस्त्रीचं काम संपलं. तुडुमाच्या सात पायऱ्या उभ्या राहिल्या, सरळ, पांढऱ्या सांध्यांच्या. शकुनबाई घागर घेऊन दिवसातून तीनदा भिंतीला न्हाऊ घालू लागली. "माह्या पोरायले इतक्या वेळा नाई धुतलं," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे.

बाराव्या दिवशी सकाळी घनश्यामने धुतलेलं धोतर नेसलं. टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. कुंताबाई चुलीपुढे होती. तिने वर पाहिलं नाही.

वीस पावलं. त्याने ती मोजली नाहीत, पण दारात पोचेपर्यंत त्याने टोपी दोनदा सारखी केली. खुशालची बायको धुरपता सडा टाकत होती. तिने डोक्यावर पदर घेतला आणि आत पाहून हाक दिली, "आयकलं का, मोठे भाऊजी आले."

खुशाल बाहेर आला. दोन वर्षांत त्याचे केस पांढरे झाले होते, हे घनश्यामला पहिल्यांदा दिसलं. जवळून पाहिलंच नव्हतं.

"वीस पावलं चालाले दोन वर्सं लागले दादा तुले."

"वाट माहीत होती गा," घनश्याम म्हणाला. "आल्यावर पह्यलं काय बोलाचं ते माहीत नव्हतं."

"अन् आता?"

"आताही नाई." तो उंबऱ्याच्या बाहेरच उभा होता. "तेरवीले तुले बलावाले कोणी आलं नाई. मले वाटलं तारा गेला, त्याले वाटलं मी. तू आला नाई मनून मी तुले शिव्या देत बसलो. चूक माही होती. मोठा मी होतो."

खुशालने खांबाला हात टेकला. "मी सकाळपासून धोतर नेसून बसलो होतो दादा. या दारात. भजनवाले गेले, वाढपी गेले, गावातले पोट्टे गेले. मले वाटलं, आता येईन कोणी. आता येईन."

धुरपताने सड्याची बादली तिथेच ठेवली आणि ती आत गेली.

"बाबाच्या मांडीवर तुह्याइतकाच मीबी बसलो होतो," खुशाल म्हणाला आणि त्याने तोंड फिरवलं. घनश्याम पायरी चढला. काय करावं हे न कळून त्याने भावाची मान धरली, लहानपणी कुस्तीत धरायचा तशी, आणि दोघं तसेच उभे राहिले.

चहा झाल्यावर खुशाल म्हणाला, "चाल, माती दाखवतो."

घरामागे दहा बंड्या चिकण माती रचून ठेवली होती. नुसती रचलेली नाही; भिजवून, तुडवून, वर धानाच्या पेंढ्याचं ओलं तणीस झाकून. निदान तीन दिवसांची.

घनश्यामने तणीस उचलून पाहिलं. "हे कधी?"

"तुही बायको अन् माही बायको. विहिरीवर ठरवलं. त्या दोघींनं बोलनं बंदच कुठी केलं होतं?"

"मंग मी कायले आलो? माती तर येतच होती."

"माती आली असती दादा," खुशाल म्हणाला. "मी नसतो आलो."

*

पाच माणसांचा जास्तीचा भात कोणासाठी असतो, ते सोळाव्या दिवशी कळलं. दुपारी चारला पश्चिमेकडून वावटळ उठली आणि अर्धा तास अवकाळी पाऊस कोसळला. कापलेल्या पारीत कमरेइतकं पाणी साचलं. ताराचंद भिजत भिंतीपाशी गेला आणि डोकं धरून बसला. चुन्याची भिंत हलली नव्हती, पण त्या पाण्यात माती भरता येणार नव्हती.

"गेला एक दिवस," तो घरी येऊन म्हणाला.

"नाई गेला," कुंताबाई म्हणाली. "त्याच्यासाठीच ठेवला होता."

सतराव्या दिवशी फक्त पाणी उपसलं. दोन्ही घरांच्या बादल्या, घागरी, भाताचे गंज, शेवटी शकुनबाईने हंडाही आणला. खुशाल आणि ताराचंद समोरासमोर उभे राहून बादली फेकत होते. लहानपणी मासे धरताना हेच करायचो, असं एकाने म्हटलं आणि दुसऱ्याने मुद्दाम अर्धी बादली त्याच्या अंगावर ओतली.

अठराव्या दिवशी माती पडू लागली आणि घनश्यामला त्याचं काम सापडलं. चिकण मातीचा थर वीतभर टाकायचा आणि आठ माणसांनी चार धुम्मसांनी एका ठेक्यात ठोकायचा. ठेका चुकला की माती एकीकडे दबते, दुसरीकडे फुगते. पहिल्या थराला ठेका चुकतच होता. ताराचंद एक-दोन, एक-दोन म्हणत होता. त्याचा आवाज वरच्या माणसापर्यंत पोचत नव्हता. पारीवर उभ्या घनश्यामला ते पाहवेना.

"हाईऽऽ उचला गाऽऽ!" त्याने आवाज दिला. तो आवाज बोडीच्या पलीकडच्या मोहाच्या झाडापर्यंत गेला. धुम्मसं एकदम उठली. "हाईऽऽ बसवाऽऽ!" एकदम बसली.

खालून कुंताबाईने मान वर करून पाहिलं. दिवसभर तो ओरडत राहिला. मध्येच ठेक्यात नावं गुंफू लागला: जागेश्वरची मिशी, मिस्त्रीची पिशवी, शकुनची घागर. माणसं हसत आणि हसता हसता जोराने ठोकत. संध्याकाळी त्याचा घसा बसला.

"उद्या कोण?" त्याने घरी येऊन बसक्या आवाजात विचारलं. अठरा दिवसांत त्याने बायकोला विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

"तुमीच," ती म्हणाली आणि त्याच्यापुढे हळद घातलेलं दूध ठेवलं. "तुमच्यासारखा आवाज दोन्ही घरात कोणाचा नाई."

"मी पह्यलेपासून चिल्लावून राहिलो होतो ना. तवा कोणी नाई आयकलं."

"तवा तुमी काय कराचं ते चिल्लावत होता. आता कवा कराचं ते चिल्लावता. त्यायले तेवढंच पायजे होतं."

घनश्यामने दूध पीत यावर विचार केला. त्याला ते पटलं, पण पटलं असं तो म्हणाला नाही.

एकविसाव्या दिवशी, उन्हं कलताना, पार पुन्हा एकसंध झाली. बाबूलाल मिस्त्री तिच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी चालत गेला आणि परत आला. शकुनबाईचं माहेरपण चार दिवसांचं बावीस दिवसांचं झालं होतं. बपेऱ्याहून तिच्या नवऱ्याचा निरोप आला होता, म्हशी तुझं नाव विसरल्या.

*

आषाढात बोडी भरली. सांडव्यावरून पाणी गेलं तरी पार कुठे पाझरली नाही. धानाची रोपं, म्हणजे पऱ्हे, हाताएवढे झाले, रोवणी तोंडावर आली आणि मग पावसाने दहा दिवस दडी मारली. गावातल्या बांध्या कोरड्या पडू लागल्या तेव्हा दोन्ही घरांनी तुडूम उघडायचं ठरवलं.

पारीवर नारळ घेऊन सगळा गाव जमला. पहिला दट्ट्या घरातल्या मोठ्याने काढायचा अशी रीत. घनश्यामने दट्ट्याच्या दोरीला हात घातला, मग थांबला आणि खुशालला म्हणाला, "धर दुसरीकडून." ताराचंद रविवारची सुटी म्हणून आला होता. तोही मध्ये घुसला. तिघांनी ओढलं. आधी काहीच झालं नाही, मग बुडबुडे आले, मग पारीच्या खालून पाटात पाणी उसळलं आणि पोरं ओरडत त्याच्याबरोबर पळाली. बाबूलाल मिस्त्री निमंत्रणावरून आला होता. त्याने वाकून तुडुमाच्या दगडाला कान लावला.

"बोलते का काही?" घनश्यामने विचारलं.

"काईच नाई बोलत," मिस्त्री म्हणाला. "चांगलं तुडूम मुकं असते."

"कुंता कुठी हाये?" घनश्यामने आजूबाजूला पाहिलं. एवढी माणसं होती, ती नव्हती.

ती तिथून मैलभर दूर, शिवेवरच्या शेवटच्या बांधीच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी होती. तीन वर्षं पाणी न पाहिलेल्या सोळा एकरांच्या टोकाला. सोबत धुरपता आणि रोवणीच्या बाया होत्या. पऱ्ह्यांच्या जुड्या बांधून धुऱ्यावर ओळीने ठेवल्या होत्या. चिखल केलेला नव्हता, कारण पाणीच नव्हतं; पाट कोरडा होता आणि त्यात तणाच्या काड्या पडल्या होत्या.

"येईन का इथपर्यंत?" धुरपताने विचारलं.

"सकाळी नवाले उघडलं असन. चवथ्या वळनावर जागेश्वर हाये, सहाव्यावर त्याचा भाऊ. कुठी फुटलं तर माती टाकाले." कुंताबाईने सूर्याकडे पाहिलं. "अकरापर्यंत आलं पायजे."

अकरा वाजून गेले. बाया पाटात डोकावू लागल्या. कुंताबाई मनातल्या मनात वळणं मोजत होती. पहिलं, दुसरं, खालचा मोरीचा दगड. कोणतं राहिलं? कोणाचं नाव घालायचं विसरलो?

मग पाटातल्या तणाच्या काड्या हलल्या. आधी पाणी दिसलंच नाही. काड्या, वाळलेली पानं, फेस आणि एक गोंधळलेला खेकडा असं सगळं एकदम सरकत पुढे आलं. मागून मातकट पाण्याची जीभ. ती वळणावर थबकली, भरली आणि बांधीत उतरली. भेगांनी ती पिऊन टाकली. पुन्हा आली, पुन्हा पिऊन टाकली. तिसऱ्यांदा ती वर राहिली आणि पसरत गेली.

बाया एकदम ओरडल्या. धुरपता लुगडं खोचून आत उतरली आणि पाण्यात पाय आपटत फिरली. कुणीतरी रोवण्याचं गाणं धरलं. दुरून पोरांचा गलका आणि त्याहून दुरून एक दणदणीत आवाज येत होता. आलं काऽऽ, आलं काऽऽ, असा.

"भाऊजी पुसून राहिले," धुरपता म्हणाली. "सांगा ना बाई, आलं मनून."

कुंताबाईने नुसता हात वर केला.

"अन् आता काय कराचं?" धुरपताने विचारलं. दोन महिने रोज सकाळी सगळे कुंताबाईला हेच विचारत आले होते आणि तिच्याकडे उत्तर नाही असा एकही दिवस गेला नव्हता.

कुंताबाईने तोंड उघडलं. बांधीकडे पाहिलं, बायांकडे पाहिलं. पुढचं काम तिला आठवेना.

"काई नाई," ती म्हणाली, आणि स्वतःच्याच बोलण्याचं तिला इतकं हसू आलं की ती धुऱ्यावर बसली. पाय पाण्यात सोडले. पाणी पोटऱ्यांपर्यंत चढेस्तोवर ती तशीच बसून हसत राहिली.